वर कोन आहे?

जब्बारभाऊंच्या कंट्रोल रूममध्ये ‘चालू’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. विजेच्या उपकेंद्रात दिवसभर चालू आणि बंद याशिवाय दुसरं बोलणं नसतं, आणि तिथेच ही बंदी. पंखा ‘फिरवायचा’, रेडिओ ‘बोलवायचा’, चहाची शेगडी ‘पेटवायची’ आणि गावांकडच्या तारेत वीज ‘सोडायची’. नवा आलेला कुणी सवयीनं म्हणून गेला, “भाऊ, पंखा चालू करा ना,” तर जब्बारभाऊ त्याला हाताला धरून बाहेर कडुनिंबाखाली न्यायचे, पाणी पाजायचे आणि सांगायचे, “ह्या शब्दानं इथी एक माणूस खाल्ला आहे. तू नको काढू.”

त्या माणसाचं नाव लक्ष्मण मडावी. लाइनमन होता, विजेच्या खांबावर गेला. त्याच्या मरणानंतर जब्बारभाऊ एकदा खरं बोलले, आणि मग त्या खऱ्याच्या शेजारी बसून त्यांनी उरलेली सगळी नोकरी काढली. खरं बोलायला धैर्य लागतं, असं आम्ही पत्रकांत लिहीत असू. त्याच्या शेजारी बसून राहायला काय लागतं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

आमचं घर अहेरीत. बाबा वीज कामगारांच्या संघटनेचे तालुक्याचे सचिव. घरात वर्तमानपत्र शिळं यायचं, पत्रकं मात्र ताजी असायची. मला वाचता आलेला पहिला जोडशब्द ‘कामगारबंधूंनो’ असावा. चंद्रपूरला कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले आणि उद्गारचिन्हांची कंजुषी कधी केली नाही. जब्बारभाऊ प्रत्येक पत्रक शेवटपर्यंत वाचायचे, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “बाई, तुह्या कागदात सारेच ओरडते. एखाद्याले तरी हळू बोलू देत जाय.”

ते स्वतः हळूच बोलत. उंच, किंचित वाकलेले, दाढी बारीक कातरलेली. वडील अहेरीच्या बाजारगल्लीत शिंपीकाम करायचे, त्यामुळे स्वतःचे शर्ट स्वतः शिवायचे आणि दुसऱ्याच्या शर्टाची उसवलेली शिलाई दिसली की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. “थांब, आधी हे काढ,” म्हणत ते टेबलाच्या खणातून सुईदोरा काढायचे. कंट्रोल रूमच्या खणात पान्हा, टेस्टर आणि सुईदोरा.

ती खोली आलापल्लीच्या रस्त्यावर, गावाबाहेर. पाठीमागे सागवान. आत राखाडी लोखंडी कपाटांची रांग, त्याला पॅनेल म्हणायचं. एका कपाटाला एक फीडर, म्हणजे वेगवेगळ्या गावांकडे जाणारी एकेक तार. कपाटावर कमरेच्या उंचीला हॅंडल आणि वर दोन दिवे. लाल दिवा म्हणजे तारेत वीज आहे, हिरवा म्हणजे नाही. त्याच्याही वर काचेमागे रिले. रिले म्हणजे त्या घरातला जागल्या. तारेवर झाड पडलं, तार तुटली, काही वावगं झालं, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो आणि काचेमागे एक लहानशी झेंडी पाडतो.

पॅनेलसमोर उभं राहताना जब्बारभाऊंचे हात नेहमी पाठीमागे गुंतलेले असत. दुसऱ्यांनाही ते तसंच उभं करत. हॅंडलला हात लावायची वेळ आली की आधी दारात यायचे आणि खांबावर कुणी नाही ना, म्हणून आवारात आवाज द्यायचे, “वर कोन आहे?” बाहेरून कुणीतरी म्हणायचं, “कोनी नाई, सारे खाली.” हे उत्तर आल्याशिवाय हात पाठीमागून पुढे यायचा नाही. आवारात चिटपाखरू नसलं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवून ते विचारत. घरीसुद्धा स्वयंपाकघरातला दिवा लावताना हाच प्रश्न. त्यांच्या बीबी, नूरबी, चुलीपुढून ओरडायच्या, “कोनी नाई वर! मांजर आहे, तिले सांगून ठेवलं म्या!” मोहल्ल्यातली पोरं लपाछपीत डाव सुरू करताना हेच म्हणू लागली होती.

दुसरा नियम दुपट्ट्याचा. आमच्याकडे पुरुषमाणसाच्या खांद्यावर दुपट्टा असतोच, घाम पुसायला, ऊन झाकायला. कुठलाही लाइनमन तारेवर काम करायला निघाला की जब्बारभाऊ त्या फीडरची वीज तोडायचे आणि त्याचा दुपट्टा मागून घेऊन हॅंडलला गाठ मारायचे. काम झाल्यावर ज्याचा दुपट्टा त्यानंच यायचं, स्वतःच्या हातानं सोडायचा, मग वीज. निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही, सोबत्याला पाठवलेलं चालणार नाही. सुरुवातीला घोटाळा झाला, कारण सगळ्यांचे दुपट्टे आठवडी बाजारातल्या एकाच दुकानातले, हिरव्या काठाचे. एकानं दुसऱ्याचा सोडला. त्या दिवशी जब्बारभाऊ जेवले नाहीत. पुढच्या बाजारापर्यंत त्यांनी सगळ्यांचे दुपट्टे गोळा करून प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं नाव घातलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी मासा, कुऱ्हाड, मोहाचं फूल.

“हे पॅनेल आहे का खुंटी?” एका साहेबानं विचारलं होतं.

“खुंटीच समजा जी,” जब्बारभाऊ म्हणाले, “कोनाचा तरी जीव टांगला राह्यते इथी.”

तिसऱ्या नियमानं त्यांना सर्वांत जास्त शिव्या मिळाल्या. रिलेची झेंडी पडली की बहुतेक ऑपरेटर ती उचलून एकदा पुन्हा वीज सोडून बघतात. पाखरू असेल, फांदी असेल, गेली असेल. जब्बारभाऊ सोडत नसत. आधी माणूस जाऊन तार बघून यायचा. जंगलातली तार, पावसाळ्यातले नाले, सायकलवरचा माणूस. गावं अंधारात किंवा उकाड्यात बसून राहायची आणि पिठाच्या गिरणीवाला येऊन विचारायचा, “भाऊ, झेंडी आहे का तिरंगा? उचलाले येवढा मान काऊन?”

एकदा अहेरीत मोठ्या पुढाऱ्याची सभा होती. भर दुपार, मांडव घातलेला, लोक जमलेले, आणि माइक मुका. गावाला वीज देणाऱ्या तारेवर जंगलात काम निघालं होतं आणि हॅंडलला बंडू कोडापे या लाइनमनचा दुपट्टा होता, मासा भरलेला. पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता जीप घेऊन उपकेंद्रात आला. आम्ही त्या दिवशी सभेत काळे झेंडे दाखवायला जमलो होतो आणि मी बाबांना शोधत तिथे पोहोचले होते, म्हणून हे समोर पाहिलं.

“साहेब स्टेजवर बसून राह्यले अन् तू इथी फडकं बांधून बसला?” कार्यकर्ता म्हणाला.

“फडकं नाई जी. बंडू आहे तो.”

“बंडू गेला खड्ड्यात. सोड ते.”

जब्बारभाऊ पॅनेलपासून बाजूला झाले. हात पाठीमागेच. “मी नाई सोडत. तुमाले सोडाचं असन तर सोडा. बंडूची माय नाक्यापाशी राह्यते. मंग तिले सांगाले तुमीच जा.”

तो हॅंडलपर्यंत गेला. गाठीला हात लावला. माशाकडे बघत राहिला. मग हात काढून घेत म्हणाला, “केव्हा येईल हा बंडू?”

“सायकल पंक्चर असन तर उशीर होते. तुमची जीप आहे ना? आना त्याले.”

आणि खरोखरच जीप गेली. बंडू कोडापे आयुष्यात पहिल्यांदा जीपच्या पुढच्या सीटवर बसून आला, अनवाणी, कमरेला दोर, अंगावर मुंग्या. उतरून त्यानं पुढाऱ्याच्या माणसाला रामराम केला, दुपट्टा सोडला, घाम पुसला. जब्बारभाऊ दारात आले. “वर कोन आहे?” उत्तर त्या कार्यकर्त्यानंच दिलं, चिडून, पण दिलं, “कोनी नाई बाप्पा, सारे खाली!”

सभेत आम्ही झेंडे दाखवले, पोलिसांनी उचललं. जीपवाल्यानं आपल्या साहेबाला काय सांगितलं ते कळलं नाही. पण पुढच्या सभेला त्यांनी जनरेटर आणला.

हे सगळं मडावी गेल्यानंतरचं. त्याआधी जब्बारभाऊ बाकीच्या ऑपरेटरांसारखेच होते. झेंडी पडली की उचलायचे.

त्या दिवशी वादळानं तारेवर फांदी पडली होती. लक्ष्मण मडावी गेला, जंगलाच्या नाक्यावरच्या फोनवरून त्यानं वीज बंद करून घेतली आणि फांदी काढली. पुढे आणखी एक फांदी दिसली. माणूस नियमाचा, तो परत नाक्यावर आला आणि फोन करून म्हणाला, “अजून एक आहे भाऊ. काम चालू करून राह्यलो.” आम्ही झाडीपट्टीतले लोक असंच बोलतो. करतोय म्हणत नाही, करून राह्यलो म्हणतो. फोन खरखरत होता. शब्द तुटले. जब्बारभाऊंच्या कानात पोहोचलं ते एवढंच: “चालू कर.”

त्यांनी वीज सोडली. मडावी परत खांबाकडे गेला, वर चढला. तारेला अडकवून तिच्यातली वीज जमिनीत उतरवायची साखळी असते. ती उपकेंद्रात एकच होती आणि त्या दिवशी दुसऱ्या गावी गेलेली होती. इकडे पॅनेलवर झेंडी पडली. जागल्यानं आपलं काम चोख केलं. यंत्रं वाचली.

चौकशी लागली. कार्यालयात अहवालाचा मसुदा तयार होता, बाबांनी तो पाहिला होता. मयत कर्मचारी परवानगी न घेता, निष्काळजीपणे खांबावर चढला. म्हणजे मेलेल्याची चूक. त्याची बायको शेवंताबाई हिला सांगण्यात आलं होतं की असा अहवाल गेला तर अनुकंपेची नोकरी अडेल. नोकरीपेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. ती आमच्या ओसरीवर बसून बाबांना परत परत म्हणायची, “तो फोन केल्याबिगर चढत नव्हता. तुमाले माहीत आहे ना भाऊ? फोन केल्याबिगर नाई चढाचा तो.”

नाक्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. तो दुसरा फोन झाला होता हे जाणणारे दोघेच. एक मेला होता, दुसऱ्यानं ते फक्त बाबांच्या कानावर घातलं होतं.

बाबांनी आणि मी पत्रक तयार केलं. ‘जब्बारभाऊंचा बळी देऊ नका! दोष मोडक्या फोनचा, दोष व्यवस्थेचा! हा अपघात नव्हे, हा खून आहे व्यवस्थेने केलेला!’ जब्बारभाऊ दुपारी घरी आले. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी तुटलेली. तुटलेली गुंडी त्यांच्या अंगावर मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

“हे व्यवस्था कोन्या खुर्चीवर बसते?” त्यांनी विचारलं. “त्या खुर्चीवर तर मी बसलो होतो.”

मी भडकले. “भाऊ, साखळी एक. फोन मोडका. झाडं तोडायला माणसं नाहीत. हे तुम्ही केलं का?”

“नाई. ते सारं लिही. एक सोडू नको. पन त्याच्या वर माहं नाव लिही.”

बाबा म्हणाले, “जब्बार, तू कबूल केलं तर नोकरी जाईल. पोलीस येतील. तुले दोन पोरी आहेत.”

“मडावीले एक पोरगा आहे.”

“मी लढतो ना बे तुह्यासाठी! तू फक्त चूप राह्य.”

“मी चूप राह्यलो तर तो चुकला म्हनून मेला असं होते, सचिवजी. तो चुकला नाई. त्यानं तर पुन्हा येऊन सांगतलं.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “अन् तुमाले सारं माहीतच नाई.”

ते सारं त्यांनी चौकशीत सांगितलं. बाबा संघटनेच्या वतीनं आत होते, मी व्हरांड्यात खिडकीशी होते. चौकशीला आलेले साहेब वाईट नव्हते, त्यांनी वाट मोकळी करून दिली. “दुसरा फोन आला होता का? गडबडीत आठवत नसेल तर तसं सांगा.”

“आठवते साहेब. तो म्हनला, ‘काम चालू करून राह्यलो.’ मले ‘चालू कर’ ऐकू आलं. म्या परत विचारलं नाई. हॅंडल फिरवलं. थोड्या वेळानं झेंडी पडली. म्या झेंडी उचलली अन् पुन्हा हॅंडल फिरवलं.”

 बाबांनी मान खाली घातली.

“पुन्हा कशासाठी?”

“सवयीनं.”

साहेबांचं पेन थांबलं. “हे लिहू?”

“लिहा जी. येवढ्यासाठीच आलो.”

अपघात हा शब्द मी त्या दिवसापासून जपून वापरते. अपघात म्हटलं की सगळेच सुटतात, वरचा साहेब आणि खालचा माणूस दोघेही. आणि व्यवस्था म्हटलं की फक्त खालचा सुटतो, असं आम्हाला वाटायचं. जब्बारभाऊंना सुटायचंच नव्हतं. साखळी मागायचा हक्क त्यांना हवा होता, आणि तो मागताना स्वतःचा हात लपवायचा नव्हता.

पत्रक निघालं. साखळीचं, फोनचं, माणसांच्या तुटवड्याचं सगळं त्यात होतं आणि सगळ्यात वर जब्बारभाऊंचं नाव होतं. संघटनेत वादळ झालं. आपल्याच माणसाच्या विरोधात असं पत्रक असतं का, म्हणून काही जणांनी बाबांशी बोलणं सोडलं. अहवाल बदलला. मडावीनं परवानगी घेतली होती असं कागदावर आलं. शेवंताबाई शिपाई म्हणून लागली. जब्बारभाऊ निलंबित झाले, पोलिसांचे फेरे झाले, आणि पुष्कळ दिवस ते बाजारगल्लीत वडिलांच्या जुन्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसले. येणारे जाणारे टोमणे मारत. “काय हरिश्चंद्र, काज-बटन करून राह्यले का?”

“हाव. ये, माप दे.”

त्याच दिवसांत ते एकदा शेवंताबाईच्या गावी गेले. बाबा सोबत होते, त्यांनी नंतर सांगितलं. तिनं खाट टाकली, पाणी दिलं आणि उभ्यानंच बोलली, “तुमी बोलले म्हून माह्या माणसाचं नाव साफ झालं. तुमी हॅंडल फिरवलं म्हून तो गेला. मले दोन्ही याद राह्यते.” जब्बारभाऊ म्हणाले, “राह्यलीच पायजे.” आणि बाबांना घेऊन परत निघाले.

कामावर घेतलं तेव्हा बाबांनी त्यांना दुसरीकडे बदली मागून देतो म्हटलं. ते नको म्हणाले. “त्या हॅंडलची भीती मले आहे. ज्याले नाई त्याले काऊन बसवता तिथी?” मग ‘चालू’वर बंदी आली, दुपट्टे आले, झेंडीचा नियम आला. साखळ्यांसाठी अर्ज, पत्रकं, धरणं, आणि अखेर साखळ्याही आल्या.

काही काळानं शेवंताबाईची बदली त्याच उपकेंद्रात झाली. साहेब लोक कागद बघतात, माणसं बघत नाहीत. ती झाडायची, मडक्यात पाणी भरायची, चहा ठेवायची. ती आत आली की जब्बारभाऊ खुर्चीवरून उठून उभे राहायचे. ती त्यांचा कप टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. बोलणं नाही. “वर कोन आहे?” असा आवाज आला की बंडू उत्तर द्यायचा, माळी द्यायचा, कुणी नसलं तर ते रस्त्यावर जायचे, पण ती अंगणात झाडत असली तरी झाडत राहायची. ‘चालू’ हा शब्द मात्र तिनंही त्या खोलीत कधी काढला नाही. अशी वर्षं गेली. पंखा फिरत होता, चहा होत होता, झेंड्या पडत होत्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावर नवी पॅनेलं आली. काचेमागच्या झेंड्या गेल्या, छोट्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. हॅंडलला कुलूप आलं, लाइनमनकडे त्याची किल्ली. दुपट्ट्याचंच काम, पण आता नियमावलीत. जब्बारभाऊंनी कुलूप उघडून बंद करून पाहिलं. “चांगलं आहे. चोरीले जाणार नाई, वाऱ्यानं सुटणार नाई.” त्यांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं. “काऊन वाटन? दुपट्टा काई माह्या बापाचा आहे का?”

त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. कंट्रोल रूममध्येच लहानसा कार्यक्रम होता. मे महिन्याचं ऊन, शाल-श्रीफळ, बाबांचं लांबलेलं भाषण. नव्या पॅनेलच्या वायरिंगसाठी सकाळी पंखा बंद केलेला आणि तो तसाच राहून गेलेला. सगळे घामाघूम, पण साहेबांच्या भाषणात कुणी उठेना. भाषणं संपली, टाळ्या झाल्या, माणसं चहाकडे वळली. शेवंताबाई कपांचं ताट घेऊन आत आली. सवयीनं जब्बारभाऊ उठले, अंगावरची शाल सावरत. तिनं ताट टेबलावर ठेवलं. त्यातला एक कप उचलून त्यांच्यापुढे धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “भाऊ, बहुत गरम होऊन राह्यलं. तो पंखा चालू करा जी.”

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

जब्बारभाऊंनी कप हातात घेतला, घोट न घेता खाली ठेवला. भिंतीवरच्या बटणापर्यंत गेले. हात पुन्हा पाठीमागे गुंतले. मी त्यांना पाठमोरंच पाहत होते. शालीखाली मानेवरचा घाम, पांढरा स्वच्छ शर्ट, सगळ्या शिलाया सरळ.

“वर कोन आहे?” त्यांनी विचारलं. आवाज दारापर्यंतही गेला नसता.

“कोनी नाई, भाऊ,” शेवंताबाई म्हणाली. “सारे खाली.”

त्यांनी हात पुढे आणला.